सुई काढल्यावर चाळीस मिनिटं

सुई काढली की कापूस ठेवून दहा मिनिटं दाबून धरायचं, मग पट्टी, मग चहा. आठ वर्षं हाच क्रम. मंगळवार, गुरुवार, शनिवार, पहिली शिफ्ट. विक्रोळीच्या कन्नमवार नगरातून पहाटे सव्वापाचला निघायचं, सहाला डायलिसिसच्या मशीनवर, दहाला खाली.

१६ जुलै २०२२ च्या शनिवारी दहा मिनिटांनी कापूस उचलला तर रक्त भळकन वर आलं. परत दाबलं. वीस मिनिटं झाली, पुन्हा तेच. आमचा टेक्निशियन रत्नागिरीकडचा पोरगा, हाताला हलका. म्हणाला, "हेपरिन जास्त गेलं असेल काका, होतं कधी कधी." मशीनमध्ये रक्त गोठू नये म्हणून हेपरिन देतात. पुढच्या शिफ्टचे पेशंट दारात ताटकळत होते आणि मी खुर्चीत बसून स्वतःचा दंड आवळून धरला होता. चाळीस मिनिटांनी थांबलं. बाहेर धो धो पाऊस. रिक्षा करून घरी आलो आणि झोपलो.

लिव्हरने दिलेली पहिली खबर ती होती. रक्त गोठवणारे घटक लिव्हर बनवतं, ते बनवायचं थांबलं की सुईचं भोक बुजत नाही. हे मला नंतर कळलं. त्या दिवशी मी हेपरिनला शिव्या घातल्या.

थोडं मागे जातो. एप्रिलमध्ये मानेच्या उजव्या बाजूला गाठ आली, संध्याकाळी अंग कोमट व्हायला लागलं. गाठीत सुई घालून पाणी काढलं, सीबीनॅट ही टीबीची तपासणी केली, टीबी निघाला. डायलिसिसवाल्यांना टीबी इतरांपेक्षा जास्त होतो, आमच्या शिफ्टमधला मी तिसरा, त्यामुळे धक्का वगैरे बसला नाही. छातीच्या डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या. आयसोनियाझिड आणि रिफाम्पिसिन रोज. पायराझिनामाइड आणि इथॅम्ब्युटॉल आठवड्यातून तीनदाच, तेही मशीनवरून उतरल्यावर, कारण आधी घेतलं तर मशीन धुऊन काढतं. डॉक्टर चांगले होते. बजावून सांगितलं, "मळमळ, भूक जाणं, खाज, थकवा, लघवी गडद पिवळी, यातलं काहीही झालं तर गोळ्या थांबवायच्या आणि तडक यायचं."

आता ही यादी माझ्या बाजूने वाचा. मळमळ मला दर मंगळवारी पहाटे असतेच, दोन दिवसांची सुट्टी मधे पडते ना. भूक आठ वर्षांत कधी धड लागलेली नाही. खाज फॉस्फरसमुळे, पाठ खाजवायला घरात लाकडी फूटपट्टी ठेवलेली आहे. थकवा नसता तर मी छापखान्यातली नोकरी अर्ध्या वेळेची करून घेतली नसती. आणि लघवी? ती २०१६ सालीच बंद झाली. रंग बघायचा तर आधी लघवी हवी! त्वचा म्हणाल तर जुन्या डायलिसिसवाल्याचा रंग असाही मातकट, काळपट-पिवळा. म्हणजे धोक्याच्या सगळ्या घंटा माझ्या घरात वर्षानुवर्षं वाजतच होत्या, नवी कुठली ते ओळखणार कोण?

गोळ्या सुरू झाल्यावर पंधरा दिवसांनी रक्त तपासलं होतं. एसजीपीटी, म्हणजे लिव्हरला इजा झाली की वाढणारा आकडा, ५८ आलं. लॅबच्या कागदावर वरची मर्यादा ४० ची. "किंचित वाढलंय, चालेल, चालू ठेवा." नियमाने बरोबर होतं ते. तीनपट, पाचपट झाल्यावर गोळ्या थांबवायच्या असतात. पण डायलिसिसवाल्यांचे हे आकडे मुळात इतरांपेक्षा कमी असतात. माझ्या जुन्या फाइलीत ते कायम ११, १२, १४. म्हणजे माझ्यासाठी ५८ हे चौपटीच्या वर गेलं होतं. जुनी फाइल काढून शेजारी ठेवायची बुद्धी ना त्यांना झाली ना मला. मी मुद्रितशोधक, दोन प्रुफं शेजारी ठेवून फरक शोधणं हा माझा पोटापाण्याचा धंदा. अजून टोचतं ते.

आमच्या घरी एक वही आहे. दिवसाला एक लिटरच्या आत पाणी, चहा, आमटी, सगळं बसवायचं असतं, म्हणून प्रत्येक घोट लिहायचा. अक्षर माझं चांगलं, ओळी सरळ. ती वही मी आजही काढून बघतो. रविवार, १७ जुलै: "चहा ८०, पाणी १००, ताक ६०." इथपर्यंत ठीक. दुपारनंतरच्या ओळी उतरणीला लागल्यात. रात्रीची नोंद आहे, "चहा चहा ८ पाणी", आणि त्यापुढे एक रेघ पानाबाहेर गेलेली. त्या रात्री मी टक्क जागा होतो, सोमवारी दिवसभर घोरत पडलो. हिला वाटलं, पावसाळी हवा, शनिवारी रक्त गेलंय, झोपू दे. संध्याकाळी मी हिला विचारलं म्हणे, "आज अंक छापायला गेला का?" आमचा तो अंक २०११ साली बंद पडला.

मंगळवारी पहाटे तरीही आम्ही सेंटरला गेलो, कारण मंगळवार म्हणजे मशीन. टेक्निशियनने बत्तीखाली माझी पापणी ओढली आणि शनिवारची पट्टी बघितली. तिला अजून ओला डाग होता. "काकू, आज मी काकांना मशीनवर घेत नाही. आत्ताच्या आत्ता मोठ्या हॉस्पिटलात न्या." ही त्याच्यावर चिडली, दोन दिवसांचं पाणी अंगात आहे, वजन साडेतीन किलो वर आहे, आणि हा नाही म्हणतो! पण त्याने ऐकलं नाही. त्या पोराचे उपकार मी विसरणार नाही. त्या दिवशी हेपरिन घालून नेहमीचं चार तासांचं डायलिसिस झालं असतं तर काय झालं असतं, ते आयसीयूच्या डॉक्टरीणबाईंनी नंतर हाताची बोटं मोजून सांगितलं.

परळच्या रुग्णालयात रिपोर्ट आले ते असे: काविळीचं बिलिरुबिन ११.४, एसजीपीटी ६४०, आयएनआर ३.८, अमोनिया १६८. आयएनआर म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचा आकडा, साध्या माणसाचा एकच्या आसपास असतो. आधी लिव्हरचा काही आजार नसताना आयएनआर दीडच्या वर गेला आणि त्यासोबत माणूस बरळायला लागला, की त्याला तीव्र यकृत निकामी म्हणतात. डॉक्टरांचा पहिला प्रश्न टीबीच्या गोळ्यांबद्दल नव्हता. त्यांनी विचारलं, "गुळवेल घेतात का?" कोविडच्या काळात घरोघरी काढे उकळले, आणि २०२० च्या शेवटच्या चार महिन्यांत मुंबईतल्याच डॉक्टरांना गुळवेलीचा संशय असलेले लिव्हरचे सहा रुग्ण सापडले होते. आयुष मंत्रालयाला ते मान्य नव्हतं, तो वाद वेगळा. आमच्याकडे काढा नव्हता. तापासाठी पॅरासिटामॉल होती, दिवसाला एखादी. कावीळ ए, ई, बी, सी सगळ्या तपासल्या, काही निघालं नाही. बीची लस डायलिसिस सुरू होतानाच घेतली होती, आम्हाला ती दुप्पट डोसाने चार वेळा देतात. उरल्या टीबीच्या गोळ्या. त्या दारातच बंद झाल्या.

मंगळवार दुपार ते शनिवार सकाळ माझ्या डोक्यात कोरी आहे. इथून पुढचं हिच्या सांगण्यावरून आणि त्याच वहीतून. माझी पानं संपल्यावर हिने तीत लिहायला घेतलं.

आयसीयूच्या डॉक्टरीणबाईंनी हिला बाजूला घेऊन समजावलं. अमोनिया मेंदूला सूज आणतो. अशात नेहमीचं डायलिसिस केलं तर चार तासांत रक्तातलं युरिया झपाट्याने खाली येतं, मेंदूतलं मागे राहतं, आणि पाणी मेंदूत शिरतं. सूज वाढते. म्हणून हळू चालणारं मशीन लावायचं, चोवीस तास, थेंबाथेंबाने. ते पाणीही काढतं, अमोनियाही काढतं. ज्याच्या किडन्या चालू आहेत त्याच्या बाबतीत हे मशीन लावायचं की नाही यावर विचार करावा लागतो, तुमच्या बाबतीत प्रश्नच नाही, असं त्या म्हणाल्या. हिने वहीत लिहिलंय: "हळू मशीन. २४ तास. फिस्टुला नको, मांडीत नळी."

फिस्टुलावरून हिचा तिथे पहिला झगडा झाला. डाव्या हाताला बीपीचा पट्टा बांधलेला दिसला तशी ही सिस्टरवर धावली. फिस्टुला म्हणजे डायलिसिसच्या सुया घालण्यासाठी हातात धमनी आणि शीर जोडून केलेली जागा, आमची जीवनवाहिनी, त्या हाताला पट्टा नाही, सुई नाही, झोपेत उशीसुद्धा नाही. मग हिने पांढऱ्या चिकटपट्टीवर पेनाने लिहिलं, "डावा हात नको", आणि माझ्या मनगटाच्या वर चिकटवली. आत सोडायचे ते दिवसातून दोनदा, पाच पाच मिनिटं. बीपी पडलं की फिस्टुला बंद पडू शकतो, म्हणून ही आल्याबरोबर आधी तळवा तिथे ठेवायची. आत मांजर गुरगुरल्यासारखी थरथर लागते. वहीत रोज दोन नोंदी: "थरथर आहे." "थरथर आहे." मी डोळे उघडत नव्हतो, पण तेवढं एक तिला हाताला लागत होतं.

दहाही बोटांची टोकं काळीनिळी झाली होती. लिव्हर बंद पडलं की साखर एकाएकी तळाला जाते, म्हणून तासातासाला बोट टोचत होते, आणि रक्त न गोठल्यामुळे प्रत्येक टोचण्याचा डाग पडत होता. दुसरीकडे गंमत अशी की अंगात न गोठणारं रक्त मशीनच्या फिल्टरमध्ये मात्र गोठत होतं. पहिला फिल्टर सात तासांत बंद पडला. हेपरिन देता येत नाही, आणि सायट्रेट नावाचं दुसरं औषध लिव्हरच पचवतं, तेच निकामी. मग काहीच न देता चालवायचं आणि फिल्टर गेला की नवा लावायचा. प्रत्येक नव्या फिल्टरचं बिल आमचं.

आणखी एक. आठ वर्षं मला मिठावरून बोलणी बसली. पापड बंद, लोणचं बंद, दाण्याची चटणी अळणी. आयसीयूत मला तीन टक्क्यांचं मिठाचं पाणी शिरेतून दिलं, मेंदूची सूज उतरावी म्हणून रक्तातलं सोडियम मुद्दाम १४५ च्या वर ठेवतात. हिने हे लिहून ठेवलंय आणि पुढे तीन उद्गारचिन्हं. मी असतो तर दोन खोडली असती.

एन-अ‍ॅसिटिल सिस्टीन या औषधाचं सलाइन लिव्हरसाठी सुरू होतं. बुधवारपासून तीन दिवस प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला पातळ द्रव, बदलला. माझा काढून टाकायचा, रक्तपेढीतला भरायचा. त्या बदल्यात रक्तदाते आणा म्हणाले, तर छापखान्यातली नऊ माणसं आणि आमच्या इमारतीतली क्रिकेटवाली पोरं भर पावसात येऊन उभी राहिली. २०१६ साली छापून आलेल्या युरोपातल्या १८२ रुग्णांच्या चाचणीत असा भरपूर प्लाझ्मा बदललेल्यांपैकी सुमारे ५९ टक्के जगून घरी गेले, न बदललेल्यांपैकी ४८ टक्के. हे मी बरा झाल्यावर वाचलं. त्यात डायलिसिसवाले किती, ते मला सापडलं नाही. बुधवारी रात्री आयएनआर १.९ आला तेव्हा हिने आनंदाने दिराला फोन केला, आणि बाईंनी तिला थांबवलं, "हा आकडा दात्यांचा आहे, त्यांचा नाही." नवा प्लाझ्मा गेल्यावर आयएनआर एक-दोन दिवस भलतंच बोलतो.

गुरुवारी प्रत्यारोपणाची बोलणी झाली. लंडनच्या किंग्ज कॉलेज हॉस्पिटलने १९८९ मध्ये काही कसोट्या दिल्या, त्या अजून चालतात. वय चाळिशीपुढचं, कारण औषध, आयएनआर साडेतीनच्या वर, अशा तीन माझ्यात भरल्या. दुसरी एक गुणांची पद्धत आहे, मेल्ड. तिच्यात तेव्हा आठवड्यात दोनदा डायलिसिस झालं असेल तर क्रिएटिनिन, म्हणजे किडनीचा आकडा, सरळ चार धरत. म्हणजे लिव्हर ठणठणीत असलेल्या डायलिसिसवाल्यालाही वीस गुण बसल्याजागी मिळत. शाळेत मला असे कधी मिळाले नाहीत. झेडटीसीसीकडे, म्हणजे मुंबईत अवयव कोणाला जाणार ते ठरवणाऱ्या केंद्राकडे, नाव पाठवायची कागदपत्रं तयार झाली. अशा रुग्णाला तातडीच्या यादीत वर घेतात. पण मेंदूमृत दाता त्याच दोन-तीन दिवसांत मिळायला हवा, आणि माझ्या बाबतीत नुसतं लिव्हर की सोबत किडनीही, हा प्रश्न होताच.

म्हणून घरचे. माझा रक्तगट ओ, हिचा बी, ही बाद. भाऊ संगमेश्वरहून रात्रीच्या गाडीने आला, त्याच्या सोनोग्राफीत लिव्हरला चरबी निघाली, तोही बाद. पुतण्या तयार होता, पण कायद्यातल्या जवळच्या नातेवाइकांत पुतण्या बसत नाही. नवरा-बायको, आई-वडील, मुलं, भावंडं, आणि २०११ च्या दुरुस्तीनंतर आजी-आजोबा, नातवंडं. पुतण्याला मंजुरी समितीपुढे जावं लागतं आणि आमच्याकडे दिवस मोजके होते. उरला आमचा मुलगा. गट ओ, अंगात चरबी नावालाही नाही, पण वय सतरा वर्षं आठ महिने. कायद्याला अठरा लागतात. तो बाकावरून उठला आणि कोऑर्डिनेटर ताईंना म्हणाला, "चार महिन्यांचाच तर प्रश्न आहे." त्या काय बोलणार? हिने ते वहीत लिहिलेलं नाही. पुतण्याकडून मला कळलं.

पैशाचं थोडक्यात सांगतो, कारण आठवलं की अजून पोटात गोळा येतो. हिचे दागिने, भावाचे दीड लाख, छापखान्याने दिलेली उचल. मग तिथल्या समाजसेविकेने विचारलं, उत्पन्नाचा दाखला काढलाय का? धर्मादाय रुग्णालयांना दहा टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. आम्ही दुसऱ्या गटात बसत होतो. तीन दिवस कोणी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. पुतण्या तहसीलदार कार्यालयात जाऊन दाखला घेऊन आला. तुमच्यावर असा प्रसंग आला तर बिलाच्या खिडकीआधी समाजसेवा विभाग गाठा.

शनिवार, २३ जुलै. माझी पहिली आठवण म्हणजे समोरच्या भिंतीवरची पाटी. "कृपया शातंता राखा." मी बराच वेळ तिच्याकडे बघत होतो. काहीतरी खुपत होतं, काय ते कळत नव्हतं. सकाळी ही आत आली, नेहमीप्रमाणे तळवा फिस्टुलावर ठेवला, आणि मी म्हणालो, "अनुस्वार चुकलाय." ती "अहो" एवढंच म्हणाली आणि मटकन स्टुलावर बसली. सिस्टरने येऊन विचारलं, वार कोणता? "शनिवार. माझं डायलिसिस आहे." उत्तर बरोबर ठरलं, पण खरं सांगायचं तर मी ठोकून दिलं होतं. बाईंनी दोन्ही हात पुढे ताठ करायला लावले, पंजे फडफडतात का बघितलं. थोडे फडफडले. मग कागदावर चांदणी काढायला दिली. पाच टोकांची जमली नाही, चार टोकांची झाली. दुसऱ्या दिवशी पाच.

श्वासाच्या नळीची तयारी उशाशी होती, ती लागली नाही. प्लाझ्मा थांबवून दोन दिवस झाल्यावर आयएनआर २.४ आला, आणि या वेळी बाई म्हणाल्या, "हा तुमचा." मग २.१, १.७. यादीत पाठवलेलं नाव मागे घेतलं. हळू मशीन सुटलं, आठ तासांचं डायलिसिस आलं, मग हेपरिनशिवायचं चार तासांचं, फिस्टुलावर. लिव्हर असं माघारी फिरेल याची खात्री कोणालाच नव्हती. टीबीच्या गोळ्यांनी मेंदूपर्यंत गेलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक वाचत नाहीत, हे बाईंनी मला डिस्चार्जच्या दिवशी सांगितलं, आधी नाही.

८ ऑगस्टला घरी आलो. कावीळ सगळ्यात शेवटी उतरते. ३१ ऑगस्टला इमारतीत गणपती आला तेव्हा मी पिवळाच होतो, आरतीला लोक आधी माझ्या डोळ्यांत बघत, मग मूर्तीकडे.

सेंटरमध्ये पहिल्या दिवशी टेक्निशियनने सुई काढली आणि मोबाइलवर घड्याळ लावलं. चौदा मिनिटं. आता ते मी वहीत लिहितो, वजनाच्या शेजारी नवा रकाना आखलाय. बाराच्या वर दोनदा गेलं तर रक्त तपासायचं, असं आमचं दोघांचं ठरलंय. हा नियम कुठल्या पुस्तकातला नाही.

मानेतली गाठ अजून होतीच, त्यामुळे टीबीला सुट्टी नव्हती. आधी इथॅम्ब्युटॉल आणि लिव्होफ्लॉक्सासिन, तीही मशीननंतर. लिव्हर ताळ्यावर आल्यावर रिफाम्पिसिन, एकटंच, कमी डोसाने, दर तीन दिवसांनी रक्त तपासून. पायराझिनामाइड कायमचं बंद. सहा महिन्यांचा कोर्स लांबला. एसजीपीटीचा कागद आला की मी जुनी फाइल काढून शेजारी ठेवतो.

नोव्हेंबरात मुलगा अठरा वर्षांचा झाला. केक कापला, मला बिनसाईचा एवढासा तुकडा मिळाला. सगळे गेल्यावर तो आधार कार्ड घेऊन माझ्यासमोर येऊन बसला.

"बाबा, लिव्हरचं राहू दे. किडनीचं बघायचं का?"

टीबीचा कोर्स संपल्याशिवाय किडनीचं कोणी नाव काढत नाही, मी म्हणालो. ते खरंही होतं.

"मग कधी संपतो?"

मी वही ओढली आणि चहाचे ८० लिहिले.